बाजार बदलला की कारखाना चालवण्याची पद्धतही बदलावी का?

भोसरीकर

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचा यंत्रभागांचा कारखाना आहे. वडिलांनी तो दोन जुन्या लेथवर सुरू केला. आज सीएनसी आणि व्हीएमसी अशा संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची एक रांग उभी आहे आणि कायम व कंत्राटी मिळून नव्वदच्या आसपास माणसे कामाला आहेत. दुचाकीच्या इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग हा मुख्य धंदा. ड्रॉइंग ग्राहकाचे, दर ग्राहकाने ठरवलेला, दर आठवड्याचे शेड्यूलही ग्राहकाचे. माल वेळेवर आणि ठरलेल्या पीपीएमच्या (दहा लाख नगांमागे सदोष नगांच्या) आत पोचवणे एवढेच आमच्या हाती होते. अशा धंद्यात "मोठे साहेब सांगतील तसे" ही पद्धत चालून गेली. नुसती चालली नाही, तिच्यावरच कारखाना वाढला, हेही मान्य करायला हवे.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटले आहे. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये पिस्टन नाही, कॅमशाफ्ट नाही, क्लच नाही, म्हणजे आमच्या मालापैकी बराचसा मालच नाही. म्हणून आम्ही मोटरचे शाफ्ट आणि अॅल्युमिनिअमची हाउसिंग (मोटरची बाहेरची कवचे) घेऊ लागलो. या ग्राहकांकडे ड्रॉइंगच पक्के नसते. चाचणीचा लॉट जाईपर्यंत त्याच्या तीन-तीन आवृत्त्या येतात आणि त्यांचे तरुण अभियंते आम्हालाच विचारतात की मापातली ही मर्यादा तुम्हाला जमेल का, नसेल तर भागाच्या रचनेत काय बदलू. या प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ नसतात, यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाजवळ असतात. एका हाउसिंगची भिंत पातळ होती. तीन जबड्यांच्या चकमध्ये (भाग धरणाऱ्या पकडीत) आवळलेले असताना बोअर, म्हणजे आतले भोक, अगदी मापात यायचे आणि चक सोडताच तिकोनी व्हायचे. ऑपरेटरच्या हे पहिल्याच नगाला लक्षात आले होते. तो बोलला नाही, कारण आमच्याकडे ऑपरेटरला कोणी असे काही विचारत नाही. ग्राहकाच्या तपासणीत लॉट नाकारला गेल्यावर, चहाच्या वेळी, त्याने ते सहज सांगितले.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेच्या मोटरला लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या इलेक्ट्रिक ग्राहकांची शेड्यूल एकाएकी खाली आली. त्या काळात सगळ्यांची अपेक्षा एकच होती, ती म्हणजे मी स्पष्ट सांगावे की कोणते यंत्र चालू ठेवायचे आणि कोणते बंद. चर्चेला बोलावले तर माणसे अधिकच धास्तावत होती.

व्यवस्थापनाच्या एका अभ्यासक्रमात मला सांगण्यात आले की बदलत्या बाजारात नेतृत्व "सहभागी" असले पाहिजे. माझा अनुभव असा की बाजार एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी मागतो. परिस्थितीनुसार नेत्याने आपली शैली बदलायची असते, हे खरोखर कोणाला साधले आहे का, की हे केवळ सल्लागारांचे बोलणे आहे? साधले असेल तर आपल्या भागातले उदाहरण कळले तर बरे होईल.

आकुर्डी-निवृत्त

भोसरीकर, आपल्या भागातलेच उदाहरण हवे असेल तर बजाज ऑटोइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. मी त्या कंपनीत नव्हतो. मात्र माझी सगळी नोकरी आकुर्डी-चिंचवड पट्ट्यातच गेल्यामुळे तिथे होणारा प्रत्येक बदल आमच्या गेटपर्यंत येऊन पोचत असे.

१९६८ मध्ये राहुल बजाज यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा देशात परवान्यांचे राज्य होते. किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवी, आणि ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबत असे. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, पुढच्या वर्षी चेतक आली, आणि पुढची दोन दशके प्रश्न कधीही "विकायचे कसे" हा नव्हता, "अधिक बनवायचे कसे, तेही कमी खर्चात" हाच होता. अशा बाजारात वरून हुकूम सुटणे आणि खाली त्याची तंतोतंत अंमलबजावणी होणे यातच नेत्याची कर्तबगारी असते. उत्पादन जवळपास एकाच प्रकारचे, मागणी हमखास, स्पर्धा नावापुरती. तिथे सुपरवायझरला ग्राहकाविषयी काय वाटते हे विचारायची गरज कोणालाच पडत नाही. आज आपण त्या पद्धतीला नावे ठेवतो, पण तिने स्वस्त आणि टिकाऊ वाहन मध्यमवर्गाच्या दारात आणले, हे विसरून चालणार नाही.

खरी ठिणगी १९९१ च्या आधीच पडली होती. १९८४ मध्ये हिरो होंडा स्थापन झाली, लगेच तिची चार-स्ट्रोक मोटरसायकल बाजारात आली, आणि एका लिटर पेट्रोलमध्ये किती अंतर जाते हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला. बजाजने कावासाकीशी हातमिळवणी केली होती, पण कंपनीचा जीव स्कूटरमध्ये अडकलेला होता. उदारीकरणानंतर आणि विशेषतः नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ग्राहक स्कूटरकडून मोटरसायकलकडे वळला, तेव्हा जो नेता टंचाईच्या काळात अचूक ठरला होता त्याच्यासमोर अगदी निराळा प्रश्न उभा राहिला.

तुमच्या प्रश्नाशी जोडलेला मुद्दा असा की बदल झाला, पण तो मुख्यतः एका माणसाने शैली बदलल्यामुळे झाला असे मला वाटत नाही. निर्णय दुसऱ्या हातांत गेले. राहुल बजाज यांचे चिरंजीव राजीव बजाज आणि त्यांच्याभोवतीचे अभियंते यांना चाकणच्या नव्या कारखान्यात आणि संशोधन विभागात मोकळा हात मिळाला, आणि त्यातून २००१ मध्ये पल्सर आली. तिची अभियांत्रिकी परदेशी भागीदाराकडून उचललेली नव्हती, कंपनीने ती स्वतः उभी केली होती. हे हुकमाने होत नाही, कारण हुकूम देणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसते. त्याच काळात आकुर्डीत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. २००७ मध्ये करसवलती असलेल्या पंतनगरला नवा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी आकुर्डीतले वाहन-उत्पादन थांबले. संशोधन विभागात मोकळीक आणि कारखान्याच्या जागेबाबत एका फटक्यात घेतलेला निर्णय, असे दोन्ही एकाच कंपनीत, एकाच काळात दिसत होते. आम्हा पुरवठादारांनाही याची झळ लागली. मोठ्या कंपन्यांना थोडे आणि मोठे पुरवठादार हवे झाले, आणि ज्यांना केवळ सांगितलेले काम येत होते ते हळूहळू यादीतून गळाले.

२००९ च्या अखेरीस राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्णपणे बंद करून मोटरसायकलवरच लक्ष एकवटायचे जाहीर केले. थोरल्या बजाजांनी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली, पण निर्णय फिरवला नाही. माझ्या मते हीच त्यांच्या नेतृत्वातली सर्वांत मोठी जुळवून घेण्याची कृती होती. निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या कट्ट्यावर आजही एकमत नाही. त्यानंतरच्या दशकात गिअर नसलेल्या स्कूटरने उसळी घेतली आणि दुचाकींच्या बाजारातला साधारण तिसरा हिस्सा तिच्याकडे गेला. त्या हिश्शात बजाज नव्हती. उलट आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत मोटरसायकली पाठवून कंपनीने जे कमावले, ते लक्ष एकवटल्यामुळेच कमावले, असे म्हणणारेही आहेत. आणि शेवटी जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर धावत परत आली. तिच्यासाठी २०२२ मध्ये आकुर्डीतच नवा कारखाना सुरू झाला.

एक गोष्ट मात्र या कौतुकात हरवू नये. २०१३ च्या उन्हाळ्याअखेर चाकणला कामगारांनी काम बंद ठेवले, ते जवळपास पन्नास दिवस चालले, आणि मागण्यांमध्ये सवलतीच्या दरात समभाग मिळावेत अशीही मागणी होती. व्यवस्थापन मुळीच नमले नाही. बाजारासमोर लवचीक असणारी कंपनी कामगारांसमोरही लवचीक असते, असे धरून चालू नका.

वर्गाबाहेर

मी व्यवस्थापन शाखेत संघटनात्मक वर्तन हा विषय शिकवते. तुमच्या अभ्यासक्रमात जे सांगितले गेले त्याचे मूळ कोठे आहे हे थोडे उलगडून दाखवावे असे वाटते, म्हणजे त्यावर किती भिस्त ठेवायची हे तुमचे तुम्हीच ठरवू शकाल.

हुकमी, सहभागी आणि मोकाट सोडणारे अशी नेतृत्वाची जी तिहेरी विभागणी प्रत्येक स्लाइडवर दिसते, ती कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९३० च्या दशकाच्या अखेरीच्या प्रयोगांतून आली. हे प्रयोग अमेरिकेत आयोवा येथे दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांवर झाले, आणि ती मुले मुखवटे वगैरे बनवत होती. हुकमी प्रौढ खोलीबाहेर गेला की काम मंदावत असे, सहभागी गटात ते चालू राही. निरीक्षण महत्त्वाचे आहे. पण त्या मुलांना पगार नव्हता, शेड्यूल नव्हते आणि माल नाकारला जाण्याची भीतीही नव्हती. तिथून थेट भोसरीच्या शॉप फ्लोअरवर उडी घेणे धाडसाचेच आहे.

पुढे १९६० च्या दशकात दोन विचार समोरासमोर उभे राहिले, आणि तुमचा प्रश्न नेमका त्यांच्या मध्ये येतो. हर्सी आणि ब्लँचर्ड यांचे म्हणणे असे की हाताखालच्या माणसाची तयारी पाहून नेत्याने आपली पद्धत बदलावी: नवख्याला स्पष्ट सांगावे, तयार माणसाला मोकळे सोडावे. प्रशिक्षणाच्या धंद्यात हे प्रतिमान अतिशय लोकप्रिय आहे, कारण प्रत्येक श्रोत्याला आपण बदलू शकतो असे ऐकायला आवडते. संशोधनात मात्र त्याला मिळालेला आधार बेताचाच आहे. फ्रेड फिडलर यांचे मत याच्या उलट होते. माणसाची नेतृत्वाची घडण सहजी बदलत नाही, म्हणून परिस्थिती बदला किंवा त्या परिस्थितीला साजेसा माणूस नेमा, असे ते सांगत. आकुर्डी-निवृत्त यांनी दिलेले उदाहरण फिडलरच्या बाजूचे आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

माझा स्वतःचा कल तिसऱ्या विचाराकडे आहे. १९७३ मध्ये व्ह्रूम आणि येटन यांनी शैलीचा प्रश्न माणसावरून उचलून निर्णयावर नेला. नेता कसा आहे हे बाजूला ठेवून ते विचारतात की या विशिष्ट निर्णयासाठी लागणारी माहिती कोणाजवळ आहे, निर्णय लोकांनी मनापासून स्वीकारला नाही तर तो अमलात येईल का, आणि त्यांचे हित व कारखान्याचे हित या ठिकाणी एका दिशेला आहे का. तुमची दोन उदाहरणे या कसोटीवर लावून पाहा. पातळ भिंतीच्या हाउसिंगची माहिती ऑपरेटरजवळ होती आणि लॉट पास व्हावा असे त्यालाही वाटत होते. तिथे त्याला न विचारणे म्हणजे माहिती फेकून देणे. शेड्यूल कोसळल्यावर कोणते यंत्र बंद करायचे, याची माहिती मात्र तुमच्याजवळ होती, आणि ज्याचे यंत्र बंद होणार त्याचे हित इतरांच्या विरुद्ध होते. तिथे चर्चेला बसवणे म्हणजे त्याला सहकाऱ्यांसमोर स्वतःच्या पोटासाठी भांडायला लावणे होय. म्हणून माणसे धास्तावली.

थोडक्यात, बाजार "सहभागी" किंवा "हुकमी" शैली मागत नाही. कोणता निर्णय कोणी घ्यायचा याची वाटणी तो बदलतो. टंचाईच्या बाजारात जवळजवळ सगळे निर्णय मालकाकडे असले तरी बिघडत नाही, कारण त्यांसाठी लागणारी माहिती मालकाकडेच असते. उत्पादनच नवे असते तेव्हा माहिती खाली यंत्रापाशी तयार होते आणि निर्णयांना तिच्या मागे जावे लागते. शैली हा शब्द त्यामानाने फसवा आहे. तो ऐकला की माणूस आवाज मऊ करतो आणि निर्णय स्वतःच्याच खिशात ठेवतो.

सातपूर-अंबड

वरच्या दोन्ही उत्तरांत पैशाचा उल्लेख आलेला नाही, म्हणून लिहितो. नाशिकला माझे प्रेस शॉप (पत्र्याचे भाग दाबून बनवणारा कारखाना) आहे.

२०१९ ची मंदी आठवा. तिच्यामागे एकच कारण नव्हते. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या बड्या वित्तकंपनीचा फुगा फुटला आणि वाहनकर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचा हात आखडला. त्याच महिन्यापासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि मोटारीला तीन वर्षांचा तृतीयपक्ष विमा एकदम भरणे सक्तीचे झाले, त्यामुळे गाडीची सुरुवातीची किंमत वाढली. ट्रकच्या ॲक्सलवरचा परवानगीचा भार वाढवल्याने नव्या ट्रकची गरज घटली. वर एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे निकष लागू होणार होते, म्हणून साठा करायला कोणी तयार नव्हते. मोठ्या कंपन्या ब्लॉक क्लोजर (काही दिवस कारखाना बंद) घेत होत्या, आणि त्याचे पत्र आम्हाला बहुधा दोन दिवस आधी येत असे.

अशा वेळी माझ्यापुढे शैलीचा प्रश्न नव्हता, महिन्याच्या सात तारखेच्या पगाराचा होता. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा संपत आली आहे, एक मोठा ग्राहक ठरल्या तारखेनंतरही पैसे सोडत नाही (लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत देण्याचा कायदा कागदावर आहे, तो दाखवला तर पुढची ऑर्डर कागदावर राहते), आणि दोन पाळ्यांची एक पाळी करायची आहे. निर्णय मी एकट्याने घेतला आणि त्याबद्दल मला काडीचाही संकोच नाही. पण घेण्याआधी सगळ्यांना शेडमध्ये उभे करून आकडे सांगितले: हातात किती ऑर्डर आहे, बँकेत किती शिल्लक आहे, पगाराला किती लागतात. कोणाचा पगार कापणार नाही, ओव्हरटाइम बंद, कंत्राटी भरती बंद, आणि हे तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, एवढेच बोललो. मत विचारले नाही. विचारले असते तर ते नाटक झाले असते, आणि कामगाराला नाटक मालकापेक्षा आधी कळते.

बाईंचे म्हणणे मला पटते, फक्त एक पुरवणी जोडतो. निर्णय एकट्याने घ्यायचा असला तरी माहिती एकट्याने ठेवू नये. बहुतेक मालक उलटे करतात. आकडे लपवून ठेवतात आणि निर्णयावर मात्र "तुमचे काय मत" म्हणून विचारतात.

भोसरीकर

सर्वांचे मनापासून आभार. निर्णयांची वाटणी हा मुद्दा मला सर्वांत उपयोगी वाटला आणि त्यावरूनच पुढची अडचण मांडतो. वडील अजून रोज कारखान्यात येतात. मी एखादा निर्णय सुपरवायझरकडे सोपवला की तो मान डोलावतो आणि दहा मिनिटांनी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तोच निर्णय पक्का करून घेतो. वडीलही प्रेमाने सांगतात, कारण त्यांना उत्तर खरोखर माहीत असते, निदान इंजिनाच्या भागांपुरते तरी. त्या माणसाने वीस-बावीस वर्षे त्यांच्या हाताखाली काढली आहेत, त्यामुळे त्याच्यावर चिडण्यातही अर्थ नाही. इथे काय करावे?

नेकर-काठचा

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली काही वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका पुरवठादार कंपनीत काम करतो. इथेही इंजिनाच्या भागांचे तेच दुखणे आहे, म्हणून लिहायचे धाडस करतो.

इथल्या व्यवस्थापकाला शैली निवडण्याचे फारसे स्वातंत्र्यच नसते, हे मला आल्याआल्या चमत्कारिक वाटले होते. पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेतही कामगारांना आपली परिषद निवडून देता येते, आणि कामाचे तास तात्पुरते कमी करायचे किंवा ओव्हरटाइम लावायचा असेल तर या परिषदेची संमती कायद्याने लागते. दोन हजारांपेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात तर १९७६ च्या कायद्यानुसार निम्मे सदस्य कर्मचाऱ्यांच्या बाजूचे असतात. मंदी आली की कामाचे तास घटवतात आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाचा साठ टक्के भाग, मुले असल्यास सदुसष्ट टक्के, सरकारी रोजगार संस्थेकडून मिळतो. २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अनेक कारखान्यांनी कुशल माणसे अशीच टिकवून धरली.

याचा तोटा उघड आहे. सातपूर-अंबड यांनी एका सकाळी घेतलेला निर्णय इथे कित्येक आठवडे बैठकांमधून फिरला असता. विजेच्या वाहनांकडे वळताना ही संथ गती इथल्या कंपन्यांना भोवली आहे, असे माझे मत आहे. पण एकदा ठरले की खाली कोणी पाय ओढत नाही आणि वरच्या केबिनमध्ये जाऊन कोणी ते फिरवूनही आणत नाही, कारण कोणता प्रश्न कोणाच्या अखत्यारीत आहे हे लिहिलेले असते. भोसरीकर, तुमच्या सुपरवायझरच्या बाबतीत नेमक्या याच गोष्टीची उणीव मला दिसते. त्याला अधिकार तोंडी मिळाला आहे. तोंडी अधिकार आणि बावीस वर्षांची सवय यांच्यात सवयच जिंकणार. आपल्याकडे तो कायदा नाही, पण कागद आणि भिंत आहे. नवीन मालाच्या पहिल्या नगाची मंजुरी, इन्सर्ट (कापणारे पाते) बदलणे, लॉट थांबवणे, अमुक रकमेपर्यंतची हत्यारे मागवणे, हे सुपरवायझरच्या सहीने होईल असे लिहून, वडिलांची सही घेऊन, यंत्रांजवळ लावा. वडिलांची सही त्यात सर्वांत महत्त्वाची आहे.

वर्गाबाहेर

कागदाची कल्पना चांगली आहे, पण वडिलांना केवळ सही मागू नका, त्यांना काम द्या. ज्या माणसाला इंजिनाच्या भागांची उत्तरे तोंडपाठ आहेत त्याला "आता तुम्ही सांगू नका" असे म्हणणे क्रूरपणाचे आहे, आणि ते चालणारही नाही. तुमचा जुना धंदा एका रात्रीत संपणार नाही. पेट्रोलच्या गाड्या अजून बरीच वर्षे विकल्या जातील आणि सुट्या भागांची मागणी त्याच्याही पुढे राहील. तो विभाग, त्याचे ग्राहक आणि त्यातले हुकमाने उत्तम चालणारे काम उघडपणे त्यांच्याकडे ठेवा. नव्या मालाच्या यंत्रांची रांग वेगळी करा, तिचा सुपरवायझरही वेगळा नेमा, आणि जमल्यास तो असा निवडा की ज्याची सवय अजून केबिनमध्ये मुरलेली नाही. एकाच माणसाकडून सकाळी हुकमाची आणि दुपारी विचारविनिमयाची अपेक्षा ठेवण्यापेक्षा हे सोपे आहे.

आणखी एक. नव्या रांगेतल्या सुपरवायझरचा पहिला निर्णय चुकेल तेव्हा सगळा कारखाना तुमच्याकडे पाहत असेल. सुरक्षिततेचा किंवा ग्राहकापर्यंत खराब माल जाण्याचा धोका नसेल तर तो निर्णय तसाच राहू द्या आणि त्याचा खर्च हिशोबात आधीच धरून ठेवा.

आकुर्डी-निवृत्त

बाईंच्या सूचनेला एक व्यावहारिक जोड देतो. आमच्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांनी जपानी पद्धतीचे टीपीएम (देखभालीत सगळ्यांना सामील करण्याची पद्धत) आणले तेव्हा यंत्राची रोजची साफसफाई, तेलपाणी आणि छोटी तपासणी देखभाल विभागाकडून काढून ऑपरेटरकडे दिली. काही ठिकाणी ते रुजले, काही ठिकाणी भिंतीवरचे तक्ते तेवढे उरले. फरक कशामुळे पडला असे विचाराल तर, जिथे ऑपरेटरने बिघाड दाखवायला चिकटवलेल्या लाल टॅगवर ठरल्या मुदतीत कोणीतरी येऊन दुरुस्ती केली, तिथे ते रुजले. टॅग महिनोन्‌महिने लटकत राहिला तिथे दुसरा टॅग कोणी लावला नाही.

म्हणून त्या हाउसिंगवाल्या ऑपरेटरपासून सुरुवात करा. चकला सॉफ्ट जॉ (भागाच्या आकाराचे मऊ जबडे) करून घ्यायचे की वरून दाबून धरणारे फिक्श्चर बनवायचे, हे त्याच्याशी बोलून ठरवा, खर्च मंजूर करा आणि ग्राहकाचा अभियंता पुढच्या वेळी येईल तेव्हा बोलणे त्यालाच करू द्या. वडील शेजारी उभे असले तर फारच उत्तम. फक्त त्यांना आधी सांगून ठेवा की त्या पंधरा मिनिटांत उत्तर द्यायचे नाही.

भोसरीकर

वडिलांशी काल बोललो. इंजिनाचा विभाग त्यांच्याकडे आणि नवी रांग वेगळी, हे त्यांनी माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर मान्य केले. पंधरा मिनिटे गप्प बसण्याबद्दल मात्र त्यांनी हमी दिलेली नाही. फिक्श्चरचे काम ऑपरेटरकडे सोपवले आहे. त्याने आधी सॉफ्ट जॉ करून पाहू असे सुचवले आहे, म्हणजे खर्च कमी. ग्राहकाची भेट पुढच्या आठवड्यात आहे.